तांबडा गाळ

१

गाडी दोरखंडानं ओढून परत आणली. गुरुजी तिच्या आधीच परत आले होते, टेम्पोतून, चादरीखाली.

त्याला आज अकरा दिवस झाले. चौऱ्याण्णव सालचा मे महिना, सकाळी नऊलाच लू सुटलेली, आणि मैदागिनच्या आपल्या वर्कशॉपात नरहर पुराणिक त्या गाडीकडे बघत उभा होता. गाडीशेजारी ठाण्याचा दरोगा, मिश्र, उभा होता.

ढुंढिराजशास्त्री म्हणजे ब्रह्मा घाटावरचे घनपाठी. वीस वर्षांपूर्वी एक युरोपियन संशोधक त्यांच्याकडे वेद शिकायला आला, मग येतच राहिला, आणि पाच वर्षांपूर्वी कायमचा गेला तेव्हा आपली गाडी गुरुदक्षिणा म्हणून ठेवून गेला. टर्बो इंजिनाची, जुनी, हत्तीसारखी. ब्रह्मा घाटाच्या गल्लीत सायकल सरळ जात नाही, तिथं ही कुठली जाणार? म्हणून ती नरहरच्या वर्कशॉपला लागून एका भाड्याच्या खोलीत असायची. काशीत तसल्या गाडीला हात लावणारा एकच माणूस होता, आणि तो गुरुजींचाच जुना विद्यार्थी. चौदाव्या वर्षी पाठशाळा सोडून पाना हातात घेतलेला. त्या गोष्टीला सत्तावीस वर्षं झाली, तरी मोहल्ल्यातले सोवळे लोक अजून त्याला 'भिक्षुकाचा काळा हात' म्हणत. नरहर त्यांना काय म्हणे ते इथं छापता येणार नाही.

"देखिए पंडितजी," दरोगा म्हणाला, "बुड्ढे का ऑपरेशन लखनऊ में था. गाड़ी आप बनाए. सुलतानपुर के आगे गाड़ी बंद, दो घंटा धूप में आदमी पड़ा रहा, खतम. अब हम क्या करें?"

"मैंने बनाई नहीं थी. मैंने मना किया था."

"बेटा तो कहता है आपने ओके किया."

"कौन सा बेटा?"

 दरोग्यानं खाली वाकून शिपायाला खूण केली. शिपायानं रेडिएटरची खालची चावी फिरवली. आधी काही आलं नाही. मग काडी घालून ढोसलं तेव्हा थबथब करत एक गाळ बाहेर आला. दाट, तांबडा, विटकरीसारखा.

"जंग," दरोगा म्हणाला. "सादा पानी भर दिए न? कूलंट के नाम पर?"

नरहरनं हिरवं कूलंट भरलं होतं. पाच लिटर, स्वतःच्या हातानं. पण गाळ तर समोर होता.

"बड़े बेटे आज शिकायत पर दस्तखत करेंगे. सूतक में थाने नहीं आते आप लोग, इसलिए रुका था. पाँच बजे उनके घर पर. आप भी वहीं रहिएगा, भागिएगा मत."

कलम तीनशे चार अ, हलगर्जीपणानं मृत्यू. वर्कशॉपला कुलूप. आणि त्याहून वाईट एक गोष्ट होती, ती कायद्याच्या कुठल्याच कलमात बसत नव्हती. थोरला मुलगा रत्नाकर गुरुजींच्या चितेसमोर चारचौघांत बोलला होता: "बाबा तुझ्या नावावर त्या गाडीत बसले, नरहर."

दरोगा गेला. नरहरनं बोटभर गाळ घेतला, अंगठ्यावर चोळला. गंज दाताखाली आलेल्या वाळूसारखा कचकचतो. हा मऊ होता. चिकट, तंतू असलेला.

हा रंग त्यानं पाहिला होता. रोज, कित्येक वर्षं. पण कुठल्याही इंजिनात नव्हे.

२

गुरुजींची शिकवण्याची एकच रीत होती. संथा म्हणताना एक स्वर चुकला की काठी जमिनीवर आपटायची. "थांब. पुन्हा पहिल्यापासून." चुकलेल्या जागेवरून पुढं रेटायला परवानगी नाही, आणि मधूनच सुधारायलाही नाही. नरहरनं पाठशाळा सोडली, पण ही रीत सोडली नाही. इंजिनात पाणी गळतंय? वरून लांबी फासून भागवायचं नाही. सगळं काढ, रिकामं कर, पहिल्यापासून बघ.

त्यानं पहिल्यापासून बघायला घेतलं.

अपघाताच्या आधीच्या बुधवारी गाडी तपासली होती ती याच खोलीत. पाणी कमी होत होतं आणि जमिनीवर थेंब दिसत नव्हता. गोडसर वास मात्र यायचा. नरहरनं सायकलचा पंप लावून पाण्याच्या वाटांमध्ये हवेचा दाब भरला आणि बॅटरी घेऊन गाडीखाली आडवा झाला. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुरावर फिरणारा पंखा, फिरून फिरून निखाऱ्यासारखा लाल होतो. त्याला गार ठेवायला करंगळीएवढी एक लोखंडी नळी पाणी नेते. त्या नळीला वाकणापाशी केसाएवढी भेग होती. तापलेल्या टर्बोवर पाणी पडायचं आणि जमिनीवर यायच्या आधीच वाफ होऊन जायचं. म्हणून थेंब नाही, फक्त वास.

नळी काशीत मिळणार नव्हती. नरहरनं पुठ्ठ्यावर तांबड्या रंगानं 'हलवू नका' लिहून स्टिअरिंगला बांधलं, किल्ली गुरुजींच्या घरी नेऊन दिली आणि गुरुवारी दिल्लीची गाडी पकडली. नळी घेऊन परत आला मंगळवारी सकाळी, चिता पेटायच्या वेळेला. गुरुजी सोमवारीच गेले होते.

आता त्यानं तीच नळी पान्यानं सोडवली. भेगेवर आतून तांबडी खपली धरली होती, टणक. भेग बुजली होती. आणि तिच्यासकट अख्खी नळीच बुजली होती. फुंकर मारली तर पलीकडे हवा जाईना. रेडिएटरच्या बारीक नळ्यांचीही तीच गत. टर्बो भाजून जाम. हेडची गॅस्केट फुटलेली. तेलात पाणी शिरून त्याचं ताक झालेलं.

कोणीतरी गळती थांबवली होती. आणि थांबवता थांबवता इंजिनाचा गळा आवळला होता.

समोरच्या लस्सीवाल्याकडून त्यानं लिंबू आणलं. अर्धं कापून त्या गाळावर पिळलं.

तांबडा गाळ डोळ्यांदेखत पिवळा झाला. झेंडूसारखा पिवळा.

नरहर तिथंच फरशीवर बसला. त्याची आई मंगला गौरीच्या देवळाबाहेर बसणाऱ्या बायकांसाठी कुंकू करायची. परातीत हळद, वर चुन्याची निवळी. पिवळ्याचं तांबडं व्हायचं. चुकून लिंबाचा थेंब पडला की तेवढा ठिपका परत पिवळा. लहानपणी त्यानं हा खेळ हजार वेळा केला होता आणि हजार वेळा धपाटे खाल्ले होते. हिरवं कूलंट चुन्यासारखंच क्षार जातीचं. त्यात हळद पडली की तिचं कुंकू होणारच.

दरोग्याचा गंज म्हणजे हळद होती. आणि रेडिएटरात हळद घालणारी जात नरहरला पक्की ठाऊक होती. त्या जातीतला एक माणूस गुरुजींच्याच पगारावर होता.

३

बाळू सप्रे मैदागिनच्या चौकात पानाच्या टपरीवर सापडला. पंचावन्न वर्षांचा, वीस वर्षं कोळशाचे ट्रक धनबादहून ओढलेला, आता गुरुजींचा ड्रायव्हर. ज्या सोमवारी गाडी लखनौला निघाली, त्याच्या आदल्या दिवशी तो भाचीच्या लग्नाला निघून गेला होता. म्हणून गाडी रत्नाकरनं चालवली.

"बाळूकाका, ट्रकचं रेडिएटर रस्त्यात गळायला लागलं तर काय करायचात?"

बाळूनं पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं. "हळद टाकायची. ढाब्यावर मिळते. चिमटीभर टाकली की भेगेत जाऊन बसते. पुढच्या गावापर्यंत काम चालतं."

"गुरुजींच्या गाडीत किती टाकलीत?"

बाळूचं चघळणं थांबलं.

"नरहर, तुला लहानपणापासून ओळखतो म्हणून ऐकून घेतो. ट्रकच्या नळीतून अंगठा जातो रे. त्या गाडीची नळी बघितलीस ना? मी काय मूर्ख आहे? आणि टाकलीच असती तर चिमटी."

"आत पाव किलो आहे."

"मग ते ज्यानं आयुष्यात बॉनेट उघडलं नाही त्याचं काम. औषध जास्त घेतलं की लवकर बरं वाटतं, असं समजणाऱ्याचं." तो थुंकला. मग हळूच म्हणाला, "पण हळदीचं मीच सांगितलं. अक्षय्यतृतीयेला. वाड्यात बायकांचं हळदीकुंकू चाललेलं, आम्ही बाहेर चौकात पन्हं घेत बसलेलो. गप्पा मारता मारता ट्रकचे किस्से निघाले."

"कोण कोण होतं?"

"दोघं भाऊ. रत्नाकर आणि कुशल."

शुक्रवारी अक्षय्यतृतीया. सोमवारी गुरुजी गेले. मधे दोन दिवस.

"शनिवारी काय झालं?"

"शनिवारी मिर्झापूरचा एक गालिचेवाला आला होता, गाडी बघायला. मी बाहेरच होतो, मला म्हणाला, काका, जरा पान घेऊन या. परत आलो तर तो एकटाच होता, व्यवहार ठरल्यासारखा खूश. गाडीखाली वाकून म्हणत होता, एकदम सूखी है."

"तुम्हाला पान आणायला कोणी पाठवलं?"

"गालिचेवाल्यानंच. त्याच्याबरोबर घरातलं जे कोण होतं ते खोलीत पाठमोरं होतं. पांढरा कुडता. मी टपरीवरून बघितलं, लांबून. पाडव्याला दोघांनी एकाच ताग्यातले शिवून घेतलेत ना. एक अंगानं भरला असता तर ओळखू आला असता, पण दोघंही बापावर गेलेले, काटकुळे." बाळूनं त्याच्याकडे नीट बघितलं. "पुठ्ठा नव्हता रे स्टिअरिंगला. तू बांधलेला गुरुवारी मी बघितला होता. शनिवारी नव्हता."

म्हणजे दोघांपैकी एक. आणि त्यातला एक संध्याकाळी पाच वाजता नरहरच्या नावावर सही करणार होता.

४

घाटावरून दोघं भाऊ अजून आले नव्हते. वाड्याच्या चौकात नळाखाली रत्नाकरची बायको वैदेही धुण्याचा डोंगर घेऊन बसली होती. अकराव्या दिवशी सुतक फिटतं, घरातला कपडान् कपडा धुतला जातो. आधी धुतलेला, न धुतलेला, खुंटीवर पडून राहिलेला, सगळा.

"नरहरभाऊजी, तुम्ही इथं यायला नको होतं." तिनं मान वर केली नाही. "त्यांनी बघितलं तर तमाशा होईल."

"तमाशा पाचला आहेच, वैनी. दोन गोष्टी विचारतो आणि जातो. घरात हळद किती आहे?"

तिनं त्याच्याकडे असं बघितलं, जणू उन्हानं ह्याचं डोकं फिरलं असावं. मग तिचा चेहरा बदलला.

"सकाळपासून तेच डोक्यात घोळतंय. हळदीकुंकवाच्या सकाळी मीच डबा काठोकाठ भरला होता. दळून आणलेली, घरची. वाटायला म्हणून वेगळी काढली होती, तीही उरलेली परत डब्यात घातली. पुढं दोन दिवस बाबांना बरं नव्हतं म्हणून सगळ्यांनाच साधी पेज. मग सुतक. दहा दिवस फोडणी नाही, हळदीला हात नाही. आज पहिल्यांदा झाकण उघडलं तर डबा अर्धा. उंदीर काही हळद खात नाहीत."

ह्या घराच्या सोवळ्याबद्दल नरहर आयुष्यभर शिव्या घालत आला होता. आज त्याच सोवळ्यानं दिवस मोजून दिला. सुतकात डबा कोणी उघडलाच नाही, म्हणजे हळद गेली ती शुक्रवार ते सोमवार, एवढ्यातच. आणि गेली ती ह्याच घरातून.

"दुसरं काय विचारायचंय?"

पण नरहर विचारायचं विसरला होता. तो तिच्या हातांकडे बघत होता. धुण्याच्या सोड्याच्या फेसात एक पांढरा कुडता होता, आणि त्याच्या उजव्या बाहीवर लाल डाग. ओघळ आलेले, मनगटापासून कोपरापर्यंत.

"पान," वैदेही म्हणाली. "बायका मेल्या तरी काशीचे पुरुष पान सोडणार नाहीत. घासतेय तसं आणखीच लाल होतंय."

"चोळू नका. पाण्यात खळबळा फक्त."

तिनं बादलीत कुडता बुडवून वर काढला. सोडा निघून गेला. लाल ओघळ फिके होत होत पिवळे झाले.

 नळ गळत राहिला. हळदीच्या डागाला साबण लागला की काय होतं, हे वैदेहीला सांगायची गरज नव्हती. ती रोज स्वयंपाक करणारी बाई होती.

"कोणाचा आहे, वैनी? दोन्ही सारखेच दिसतात."

बादलीत दुसरा कुडता होता, कोरा. दोन्हींवर नाव नव्हतं. वैदेहीनं कुडता घट्ट पिळला, इतका की तिची बोटं पांढरी पडली. एक कुडता तिच्या नवऱ्याचा होता.

"मला माहीत नाही," ती म्हणाली, आणि आत निघून गेली.

५

पाच वाजता चौकात खुर्ची एकच मांडली होती, दरोग्यासाठी. रत्नाकर उभा होता. डोकं तासलेलं, बँकेत फायलींवर सह्या करायची सवय असलेला हात, त्यात पेन. कुशल, त्याचा सव्वीस वर्षांचा धाकटा भाऊ, खांबाला टेकून. त्यालाच दुसऱ्या बाजूनं पाठ लावून नरहर. दोरीवर दोन पांढरे कुडते वाळत होते.

"सही करायच्या आधी एक सांग, रत्नाकरदादा," नरहर म्हणाला. "सोमवारी खोली तू उघडलीस. स्टिअरिंगला पुठ्ठा होता?"

"कसला पुठ्ठा? काही नव्हतं."

"गाडी तयार आहे, हे तुला कोणी सांगितलं?"

"तू! तूच कुशलला सांगितलंस, बुधवारी."

"हो, नरहरदादा," कुशल घाईनं म्हणाला. "चालेल म्हणालात. तुम्हाला आठवत नसेल."

नरहरनं पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली नवी नळी काढून दरोग्याच्या मांडीवर ठेवली. "बुधवारी चालेल म्हणालो, आणि गुरुवारी हिच्यासाठी दिल्लीला गेलो? मी वेडा आहे?"

"नली किसी और गाड़ी की भी हो सकती है," दरोगा म्हणाला.

"तो ये देखिए." त्यानं जुनी नळी बाजूला ठेवली. तोच बाक, तेच आटे. मग वाटीतला तांबडा गाळ, आणि लिंबू. दरोग्यासमोर पुन्हा एकदा गंजाची हळद झाली. दरोगा खुर्चीत पुढं सरकला. आता त्याला मजा यायला लागली होती.

"हळद बाळूकाकांनी टाकली," कुशल म्हणाला. "ट्रकवाल्यांचीच युक्ती ती."

"तुला कोणी सांगितली ट्रकवाल्यांची युक्ती?" नरहरनं विचारलं. "बाळूकाकानं चिमटी टाकली असती. तो आपली हळद ढाब्यावरून आणतो. ही ह्या घरातल्या डब्यातली आहे. डबा अर्धा झाला तो अक्षय्यतृतीया ते सोमवार, कारण नंतर सुतकात त्याला कोणी शिवलंच नाही. बाळूकाका तुमच्या स्वयंपाकघरात जातो का? तुम्ही जाऊ देता?"

 'नाही' म्हणायची लाज वाटण्याइतकं ते घर सुधारलेलं होतं.

नरहर दोरीपाशी गेला. कुडत्याच्या बाहीवरचे पिवळे ओघळ सगळ्यांना दिसतील असे धरले, नळावरचा साबण उचलून ओल्या हातानं त्यावर चोळला. पिवळ्याचं रक्तासारखं लाल झालं.

"बॉनेट उघडायची सवय नसलेला माणूस असा हात घालून हळद ओततो. बाहीवर घेतो. शनिवारी सकाळी ओतली, इंजिन थोडं फिरवलं, गळती थांबली, पुठ्ठा काढून टाकला आणि गालिचेवाल्याला कोरडी गाडी दाखवली." तो वळला. "कुडता तुम्हा दोघांपैकी एकाचा आहे. दादा, गाडी तू विकत होतास?"

रत्नाकरचा चेहरा बघून कळत होतं की गालिचेवाला हा शब्द त्यानं आज पहिल्यांदा ऐकला. पण चेहरा हा काही पुरावा नव्हे. दरोगा दोन्ही भावांकडे आळीपाळीनं बघत होता.

"तुझ्या मनात येईल त्याचं नाव घेशील," रत्नाकर म्हणाला आणि कागदावर पेन टेकवलं. "मिश्रजी, कहाँ साइन करूँ?"

"थांबा." वैदेही दारात उभी होती. "तुमच्या कुडत्याला मी पाडव्यालाच आतून खिसा लावला, लॉकरच्या किल्लीसाठी. बघा त्याला आहे का."

नरहरनं बाही सोडून कुडता उलटा केला. आत खिसा नव्हता. शेजारच्या कोऱ्या कुडत्याला होता.

सगळे खांबाकडे बघायला लागले.

६

"एसटीडी बूथ काढायचा होता," कुशल म्हणाला. आवाज अगदी सपाट होता. "बाबा गाडी पाठशाळेला देणार होते. मला वाटलं, त्याआधी... सोमवारी गालिचेवाला घेऊन जाणार होता. रविवारी रात्री बाबांच्या छातीत कळ आली. लखनौच्या डॉक्टरनं ऑपरेशनला सकाळीच बोलावलं. दादानं गाडी काढायची ठरवली."

"आणि तू बोलला नाहीस," नरहर म्हणाला.

"गाडी चालत होती. गळत नव्हती."

"गुरुजी माझ्या नावावर बसले ना? बसताना त्यांनी काही विचारलं होतं?"

 उत्तर वैदेहीनं दिलं. "बाबा पायरीवर थांबले होते. म्हणाले, नरहरनं बघितली ना गाडी? कुशलभाऊजी म्हणाले, हो. बाबा म्हणाले, मग चला."

दुपारपासून पोटात धरून ठेवलेला राग आता बाहेर येईल, असं नरहरला वाटलं होतं. तो आला नाही. त्यानं दरोग्याच्या मांडीवरची नवी नळी उचलली.

रत्नाकरनं पेन खिशात ठेवलं. कागदाची घडी केली. मग नरहरचा दंड धरून त्याला तुळशीकडे नेलं. खालच्या आवाजात, पण चौकात आवाज लपत नाही.

"नरहर, झालं ते झालं. बाबा तर गेले. तुझ्यावर आता काही नाही, मी लिहून देतो, यंत्र बिघडलं, अपघात. घरातलं घरात राहू दे. घराण्याचं नाव आहे."

"आणि माझं नव्हतं?" नरहरनं दंड सोडवून घेतला. "अकरा दिवस मोहल्ला माझ्या दारावरून थुंकून जातोय. गुरुहत्या म्हणतात. चितेसमोर तू बोललास ते घरात बोललास का? चारचौघांत बोललास. आता चारचौघांतच निस्तर. हळद टाकली, तो मूर्खपणा होता. मूर्खाला मी माफ करतो, माझा धंदाच त्यांच्यावर चालतो. पण पायरीवर बाप उभा असताना हा हो म्हणाला. एक शब्द बोलायचा होता. थांबा. तेवढाच."

कुशल खांबापासून सुटला. दरोग्यासमोर जाऊन उभा राहिला, पाठशाळेत मुलं उभी राहतात तसा, हात बांधून.

"दादा, तुम्ही काही लिहू नका. मी सांगतो."

दरोग्यानं कोरा कागद काढला. "हाँ, बोलिए. शुरू से."

"शनिवारी मी हळद टाकली," कुशल म्हणाला. नरहर चार पावलांवर नवी नळी हातात घेऊन उभा होता. "पुठ्ठा मी काढला. सोमवारी सकाळी बाबा निघाले, तेव्हा मला वाटलं गाडी ठीक आहे, म्हणून मी काही—"

"थांब," नरहर म्हणाला. "पुन्हा पहिल्यापासून."